निरीक्षकाचे अंधत्व : फ्रेंच निसर्गवादी कादंबरीतील आदिम प्रेरणा आणि पछाडलेपण

१

फ्रेंच 'नातुरालिझ्म' या संज्ञेसाठी मराठी समीक्षेत 'निसर्गवाद' हा प्रतिशब्द रूढ झाला आहे. तो सोयीचा आहे, पण दिशाभूल करणाराही आहे. निसर्ग म्हटले की आपल्या मनात रानावनाचे, ऋतूंचे, फार तर माणसाच्या सहजस्वभावाचे चित्र उभे राहते. फ्रेंचमध्ये 'नातुरालिस्त' हा शब्द संप्रदायाचे नाव होण्यापूर्वी एका अभ्यासकाचे नाव होता. प्राणी आणि वनस्पती गोळा करणारा, त्यांचे निरीक्षण आणि वर्गीकरण करणारा तो निसर्गशास्त्रज्ञ होय. एमिल झोलाने आपल्या वीस कादंबऱ्यांच्या 'रूगों-माकार' या मालेला (१८७१–१८९३) दुसऱ्या साम्राज्यातील एका कुटुंबाचा 'नैसर्गिक आणि सामाजिक इतिहास' असे उपशीर्षक दिले, तेव्हा त्याला हाच अर्थ अभिप्रेत होता. म्हणजे या वाङ्मयीन चळवळीच्या केंद्रस्थानी निसर्ग नसून निसर्गाकडे पाहणारा डोळा आहे. निसर्गवादाचा दावा हा मुळात निरीक्षकाचा दावा आहे.

या दाव्याची खरी कसोटी माणसातील काळोख्या प्रेरणांच्या चित्रणात लागते. वासना, हिंसा, मत्सर, व्यसन, एखाद्या कल्पनेने माणसाला पछाडणे हे सारे कार्यकारणभावाच्या चौकटीत बसवता येईल, असे या लेखकांनी प्रस्तावनांतून आणि जाहीरनाम्यांतून वारंवार सांगितले. मराठीतील विवेचनातही निसर्गवादाची ओळख बहुधा या जाहीरनाम्यांच्या आधारेच करून दिली जाते : अनुवंश अधिक परिस्थिती बरोबर माणूस. मग या समीकरणाच्या एकांगीपणावर टीका केली जाते आणि विषय संपतो. प्रत्यक्ष कादंबऱ्या मात्र या समीकरणापेक्षा पुष्कळ अधिक जाणतात. या कादंबऱ्यांनी आदिम प्रेरणेचे स्पष्टीकरण सिद्ध केले नाही. ते स्पष्टीकरण देऊ पाहणाऱ्या डोळ्याचे अंधत्व दाखवले, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. आणि हे अंधत्व केवळ ज्ञानाचे नाही. कोणाला पशू ठरवायचे, कोणाला शिक्षा करायची, हा प्रश्न त्याच्याशी जोडलेला आहे.

२

या इतिहासाचा आरंभच अशा एका अंधत्वापासून होतो. एदमों आणि झ्यूल द गोंकूर हे बंधू सूक्ष्म निरीक्षणाबद्दल प्रसिद्ध होते. पॅरिसमधील वाङ्मयीन जगाची बारीकसारीक नोंद ते आपल्या रोजनिशीत करीत. १८६२च्या ऑगस्टमध्ये त्यांची जुनी मोलकरीण रोझ मरण पावली. जवळजवळ पंचवीस वर्षे ती या कुटुंबात होती आणि झ्यूलला तिने लहानाचे मोठे केले होते. तिच्या मृत्यूनंतर काही दिवसांतच दोघा भावांना कळले की तिचे एक दुसरे आयुष्य होते : प्रियकर, त्यांच्यासाठी केलेली कर्जे आणि चोऱ्या, मद्यपान, गुप्तपणे झालेले बाळंतपण. एकाच छपराखाली राहूनही त्यांपैकी काहीच त्यांना दिसले नव्हते.

या धक्क्यातून 'जेर्मिनी लासेर्तो' (१८६५) ही कादंबरी जन्माला आली. खालच्या वर्गातील माणसांनाही कादंबरीत स्थान मिळण्याचा हक्क आहे, हे तिच्या प्रस्तावनेतील प्रतिपादन वाङ्मयेतिहासात महत्त्वाचे ठरले. एरिख आउएरबाख याने 'मिमेसिस'मध्ये (१९४६) याच प्रस्तावनेपासून आपल्या एका प्रकरणाची सुरुवात केली आहे. गोंकूर बंधूंना या वर्गाविषयी वाटणारे आकर्षण सामाजिक असण्यापेक्षा कुरूपाच्या आणि विकृतीच्या सौंदर्यात्मक ओढीतून आलेले आहे, हा त्याचा आक्षेप मान्य करावा लागतो. पण त्यापलीकडची एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ही कादंबरी निरीक्षणातून नव्हे, तर निरीक्षणाच्या अपयशातून लिहिली गेली आहे. जे जिवंतपणी दिसले नाही त्याची मृत्यूनंतर केलेली ती पुनर्रचना आहे. जेर्मिनीची वासना आणि तिचे अधःपतन यांची वैद्यकीय पद्धतीची मांडणी करताना लेखकांनी मालकिणीचे पात्र तेवढे अजाण ठेवले. स्वतःच्या अजाणतेला त्यांनी कादंबरीत अशी जागा करून दिली. निसर्गवादी कादंबरीत पुढे पुन्हापुन्हा भेटणारी आकृती येथे प्रथम दिसते : जवळ असूनही न पाहणारा साक्षीदार.

३

तरुण झोलाने 'जेर्मिनी लासेर्तो'चे उत्साहाने स्वागत केले आणि दोन वर्षांनी 'तेरेझ राकँ' (१८६७) लिहिली. कथानक साधे आहे. पॅरिसमधील एका अंधाऱ्या गल्लीत सुईदोरा आणि लेस विकणारे छोटे दुकान आहे. दुकानाची मालकीण मादाम राकँ, तिचा आजारी मुलगा कामीय आणि त्याच्याशी लग्न लावून दिलेली तिची भाची तेरेझ हे तेथे राहतात. कामीयचा मित्र लोराँ घरात येऊ लागतो. तेरेझ आणि त्याचे संबंध जुळतात. दोघे मिळून सेन नदीत कामीयला बुडवतात. येथून पुढे कादंबरी खुनाची राहत नाही, पछाडलेपणाची होते. लग्न झाल्यावर दोघांच्या शय्येत मृत कामीय येऊन झोपतो. बुडताना त्याने लोराँच्या मानेला घेतलेला चावा बरा होत नाही. लोराँ चित्रे काढतो, पण कोणताही चेहरा काढला तरी त्यात कामीय उमटतो.

पुस्तकावर झोड उठली. 'फिगारो'त लुई उल्बाक याने फेराग्युस या टोपणनावाने या साहित्याला सडके ठरवले. १८६८च्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत झोलाने उत्तर दिले. आपण स्वभावांचा नव्हे, तर प्रकृतींचा अभ्यास केला. शल्यविशारद प्रेतावर करतो तेच काम जिवंत देहांवर केले. या पात्रांना आत्मा नाही आणि ज्याला वाचक पश्चात्ताप म्हणतील तो शरीरातील बिघाड आहे, असा त्याच्या म्हणण्याचा सारांश होता. दुर्गुण आणि सद्गुण यांना रासायनिक द्रव्यांच्या पंक्तीला बसवणारे इपोलित तेन याचे प्रसिद्ध विधान त्याने आवृत्तीच्या आरंभी दिले.

प्रस्तावना बाजूला ठेवून कादंबरी वाचली, तर तिच्यात सर्वांत प्रभावी काय ठरते? खुनानंतर लोराँ रोज सकाळी शवागारात जातो. पॅरिसचे शवागार तेव्हा सर्वांना खुले होते. १९०७पर्यंत ते तसेच राहिले. काचेपलीकडे मांडलेली बेवारस प्रेते पाहायला कामगार, पोरे, नटलेल्या स्त्रिया येत. हे जणू फुकटचे नाटक होते. झोला या गर्दीचे तपशीलवार वर्णन करतो आणि प्रेते न्याहाळताना चाळवल्या जाणाऱ्या वासनेचेही करतो. शल्यविशारदाची उपमा घेऊन बोलणाऱ्या लेखकाने प्रेताकडे पाहण्याची क्रियाच संशयास्पद करून ठेवली आहे. काचेबाहेर उभे राहून पाहणारा निर्लेप नसतो, हे कादंबरी जाणते. तिची प्रस्तावना ते नाकारते.

मादाम राकँच्या पात्रातून हाच विषय वेगळ्या रीतीने येतो. पक्षाघाताने तिचे शरीर आणि वाचा गेली आहे. डोळे तेवढे जिवंत आहेत. त्या अवस्थेत मुलाचा खून कोणी केला हे तिला कळते. गुरुवारच्या नेहमीच्या बैठकीत, डॉमिनोचा डाव चालू असताना, ती महत्प्रयासाने टेबलावर बोटाने अक्षरे उमटवू लागते. वाक्य अपुरेच राहते आणि जमलेले पाहुणे, त्यांत एक निवृत्त पोलीस अधिकारीही आहे, त्याचा भलताच अर्थ लावतात. ज्याला दिसते त्याला बोलता येत नाही आणि ज्याला बोलण्याचा अधिकार आहे त्याला दिसत नाही. शेवटी तेरेझ आणि लोराँ तिच्या डोळ्यांदेखत विष घेतात. कादंबरीचे शेवटचे दृश्य पाहणाऱ्या डोळ्यांचे आहे. पण ते डोळे शास्त्रज्ञाचे नाहीत; त्यांत सूडाचे समाधान आहे.

४

'तेरेझ राकँ'मध्ये प्रकृतींचा सिद्धांत जुन्या वैद्यकाचा होता. 'रूगों-माकार' मालेसाठी झोलाला अधिक भरभक्कम आधार हवा होता. तो त्याला प्रोस्पेर ल्युका या डॉक्टरच्या अनुवंशावरील दोन खंडांच्या ग्रंथात (१८४७–१८५०) मिळाला. प्लासाँ या काल्पनिक गावातील आदेलाइद फूक या मूळ स्त्रीपासून निघालेल्या वंशवृक्षाच्या फांद्यांवर व्यसन, वेड, महत्त्वाकांक्षा, कलेचा ध्यास आणि खून अशी फळे लागतात. पुढे क्लोद बेर्नार याच्या प्रायोगिक वैद्यकाच्या विवेचनाचा (१८६५) आधार घेऊन झोलाने 'प्रायोगिक कादंबरी' (१८८०) हा निबंध लिहिला. रसायनशास्त्रज्ञ द्रव्यांवर प्रयोग करतो तसा कादंबरीकार पात्रांवर करतो, हे त्यातील मुख्य सूत्र आहे. ते टिकणारे नव्हते, कारण प्रयोगशाळेतील द्रव्य शास्त्रज्ञाच्या इच्छेविरुद्ध वागू शकते आणि कादंबरीतील पात्र लेखकाच्याच मनात असते. ही टीका तेव्हापासून होत आली आहे. तिची पुनरुक्ती येथे करण्याचे कारण नाही.

लक्षणीय गोष्ट अशी की स्पष्टीकरणाचे काम झोला कादंबऱ्यांमध्ये ज्यांच्यावर सोपवतो ती पात्रे नेहमी संशयास्पद किंवा पराभूत असतात. 'नाना' (१८८०) या कादंबरीत नायिकेची तुलना उकिरड्यावरून उडून महालात शिरणाऱ्या सोनेरी माशीशी केली आहे. पिढीजात दारूबाजीने नासलेल्या रक्ताची कारणमीमांसाही तेथेच येते. समीक्षक हा उतारा झोलाचे मत म्हणून देतात. पण कादंबरीत तो फोशरी नावाच्या पत्रकाराचा लेख आहे, आणि हा पत्रकार स्वतः त्याच नासलेल्या वर्तुळात वावरणारा आहे. मालेच्या शेवटच्या 'डॉक्टर पास्काल' (१८९३) या कादंबरीत कुटुंबातील प्रत्येकाची नोंद ठेवणारा, वंशवृक्ष तयार करणारा डॉक्टर आहे; त्याच्या मृत्यूनंतर त्याची आईच घराण्याच्या अब्रूपायी सारी कागदपत्रे जाळून टाकते. वंशवृक्ष आणि काही अर्धवट जळालेले तुकडे तेवढे उरतात. वीस कादंबऱ्यांनी उभारलेले स्पष्टीकरणाचे दप्तर शेवटी आगीत जाते, याला योगायोग म्हणता येणार नाही.

५

या साऱ्याचा उत्कर्ष १८९०च्या 'ला बेत युमेन' म्हणजे 'मानवी पशू' या कादंबरीत आढळतो. तिचा नायक जाक लांतिए हा पॅरिस–ल हाव्र लोहमार्गावरील इंजिनचालक आहे. स्त्रीविषयी वासना जागी झाली की तिला ठार मारण्याची अनिवार ऊर्मी त्याला येते. येथे एक बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. जाक हा झेर्वेझचा मुलगा म्हणून येतो. पण झेर्वेझची कहाणी असलेल्या 'लासोम्वार'मध्ये (१८७७) या मुलाचा पत्ताच नाही. खुनी म्हणून आधी योजलेला एतिएन 'जेर्मिनाल'मध्ये (१८८५) संपकरी कामगारांचा नेता झाल्यामुळे झोलाने वंशवृक्षाला ही नवी फांदी जोडली. अनुवंशातून खुनी निर्माण झाला नाही. खुनी हवा होता म्हणून अनुवंश जोडला गेला.

झोलाची पूर्वतयारी नेहमीप्रमाणे कसून केलेली होती. एप्रिल १८८९मध्ये त्याने इंजिनवर उभे राहून पॅरिस ते मांत असा प्रवास केला. रेल्वेतील खुनांची प्रकरणे त्याच्या समोर होती. १८८६मध्ये बारेम या प्रिफेक्टचा आगगाडीत झालेला खून त्यांपैकी एक होता. चेझारे लोम्ब्रोसोच्या 'जन्मजात गुन्हेगारा'वरील ग्रंथाचे फ्रेंच भाषांतर १८८७मध्ये आले होते. जबडा, कपाळ, कान यांच्या ठेवणीवरून गुन्हेगार ओळखता येतो आणि तो मानवजातीच्या आदिम अवस्थेचा अवशेष असतो, हा त्याचा दावा होता. सार्ला या गावी तपासन्यायाधीश असलेल्या गाब्रिएल तार्दने 'तुलनात्मक गुन्हेगारी' (१८८६) या ग्रंथातून त्याला विरोध केला होता. दोस्तोयव्हस्कीची 'गुन्हा आणि शिक्षा' १८८४पासून फ्रेंचमध्ये उपलब्ध होती. तर्काने खुनापर्यंत पोहोचणारा नायक तेथे वाचकांना भेटला होता.

झोला या दोन्ही वाटांपासून दूर जातो. जाकच्या ऊर्मीची किती कारणे कादंबरीत येतात ते पाहावे : दारूबाज पूर्वजांचे नासलेले रक्त, गुहेतील पुरुषाने पिढ्यानपिढ्या साठवलेला स्त्रीविषयीचा राग, कामवासना आणि मृत्यू यांचे मूळचे ऐक्य. प्रत्येक कारण सांगितले जाते आणि पुरेसे होत नाही म्हणून दुसरे येते. कारणांची ही गर्दी म्हणजेच कारण न सापडल्याची कबुली होय. झील दलझ याने १९६९मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात याला वेगळे नाव दिले आहे. झोलाच्या कादंबऱ्यांत पिढ्यांमधून एखादा विशिष्ट रोग किंवा दुर्गुण वाहत येत नाही. वाहत येते ती एक मूक भेग. व्यसन, वासना, खून हे त्या भेगेवर जमा होणारे तिचे बाह्य आविष्कार आहेत. अनुवंशाच्या कल्पनेकडे पाहण्याची ही दृष्टी झोलाच्या शास्त्रापेक्षा त्याच्या कादंबरीला अधिक न्याय देते.

सेव्हरीनशी संबंध आल्यावर जाकला आपण बरे झालो असे वाटते. तिचा पती, उपस्टेशनमास्तर रूबो, याने मत्सराने पेटून तिच्या मदतीने ग्रांमोरँ या बड्या न्यायाधीशाचा धावत्या गाडीत खून केला आहे. लहानपणीच ग्रांमोरँने तिचा उपभोग घेतला होता. लोहमार्गाच्या कडेला उभ्या असलेल्या जाकने क्षणभर तो सुरा पाहिलेला आहे आणि तो गप्प राहिला आहे. एका रात्री सेव्हरीन त्याच्या कुशीत तो खून तपशीलवार सांगते. तो पुन्हापुन्हा विचारतो, नेमके काय वाटले? या कथनानेच त्याची निजलेली ऊर्मी जागी होते. पहाटे सुरा घेऊन तो रस्त्यावर येतो आणि कोणत्याही अनोळखी स्त्रीचा माग काढू लागतो. खुनाची हकीकत ऐकणे ही निरुपद्रवी गोष्ट नाही, हे कादंबरी अशा प्रकारे सांगते. वाचकानेही तीच हकीकत त्याच उत्सुकतेने ऐकलेली असते.

पुढे रूबोचा काटा काढायचा असे सेव्हरीन आणि जाक ठरवतात. या खुनाला कारण आहे, फायदा आहे, योजना आहे. पण जाकला तो जमत नाही. हात उचलत नाही. ज्या रात्री रूबोची वाट पाहत तो सुरा घेऊन उभा आहे, त्याच रात्री तो सेव्हरीनला ठार करतो. विचाराने ठरवलेला खून अशक्य होतो आणि नको असलेला घडतो. 'तेरेझ राकँ'मधील खुनी मृताने पछाडलेले होते. जाकला खुनानंतर पश्चात्ताप होत नाही, उलट शांतता लाभते, आणि काही काळाने तीच ऊर्मी परत येते. तेवीस वर्षांच्या अंतराने झोलाने शेवटचा आधारही काढून घेतला आहे. पश्चात्ताप शारीरिक का होईना, पण होता. येथे तोही नाही.

६

'मानवी पशू' कोण, हा प्रश्न मात्र जाकपाशी थांबत नाही. रूबो मत्सराने खून करतो. फाटकवाला मिझार हजार फ्रँकसाठी बायकोला मिठातून थोडेथोडे विष देतो. ते पैसे तो शेवटपर्यंत शोधत राहतो आणि ते त्याला सापडत नाहीत. फ्लोर मत्सरापायी दगडांची गाडी रुळांवर आडवी घालून आगगाडी पाडते. अनेक निरपराध माणसे मरतात. ग्रांमोरँ हा न्यायसंस्थेचा आणि रेल्वे कंपनीचा प्रतिष्ठित पदाधिकारी असून मुलींवर अत्याचार करणारा आहे. लोम्ब्रोसोने सांगितलेली शारीरिक चिन्हेही झोला अनेकांना वाटून टाकतो. सुंदर जाकचा जबडा वाजवीपेक्षा मोठा आहे, रूबोचे कपाळ बुटके आहे. आणि ज्याच्यावर खुनी असा शिक्काच मारल्यासारखा दिसतो तो आडदांड पाथरवट काब्युश मात्र या दोन्ही खुनांबाबत निर्दोष आहे. चिन्ह सर्वांवर उमटले की ते चिन्ह राहत नाही.

कादंबरीचे मर्म तपासन्यायाधीश दनिझे याच्या पात्रात आहे. तो लाचखाऊ नाही की मूर्ख नाही. तो बुद्धिमान आहे, मानसशास्त्राचा जाणकार आहे, आणि आपल्या नजरेवर त्याचा पूर्ण विश्वास आहे. काब्युशचे दणकट हात, त्याचा पूर्वीचा गुन्हा, त्याचे अडखळत बोलणे यांवरून दनिझेने खुनी ओळखलेला आहे. सेव्हरीनच्या प्रेताजवळ काब्युश सापडतो. त्याच्या झोपडीत तिच्या चोरलेल्या बारीकसारीक वस्तू आणि त्यांत ग्रांमोरँचे घड्याळ मिळते. या वस्तू एका मूक, वेड्या भक्तीच्या खुणा आहेत; दनिझेला त्या पुराव्याच्या कड्या वाटतात. रूबोने काब्युशकरवी दोन्ही खून करवले असे निर्दोष तर्कशुद्ध कथानक तो रचतो. रूबो शेवटी खरे ते कबूल करतो, मत्सराने आपणच ग्रांमोरँला मारले असे सांगतो. तेव्हा दनिझे ती कबुली खोटी ठरवतो, कारण ती त्याच्या रचनेत बसत नाही. रूबो आणि काब्युश यांना जन्मठेपेची सक्तमजुरी होते. खरा खुनी साक्षीदारांच्या बाकावर शांत बसलेला असतो.

सरकारदरबारी एका माणसाला मात्र सत्य कळलेले आहे. कामी-लामोत या उच्चाधिकाऱ्याने सेव्हरीनच्या हस्ताक्षराची तुलना एका चिठ्ठीशी करून सारे ओळखले आहे. पण ग्रांमोरँची दुष्कृत्ये बाहेर आली तर साम्राज्याची अब्रू जाईल. म्हणून तो ती चिठ्ठी जाळतो. एकाला दिसत नाही, दुसऱ्याला दिसते पण ते राज्याच्या सोयीचे नाही.

दनिझेची पद्धत कोणाची आहे? प्रकृतीवरून कृती ठरवणे, तपशिलांची साखळी जुळवणे, अनुवंश आणि परिस्थिती यांतून अटळ निष्कर्ष काढणे ही 'प्रायोगिक कादंबरी'त सांगितलेलीच पद्धत आहे. दहा वर्षांपूर्वीच्या आपल्या सिद्धांताला झोलाने येथे न्यायाधीशाचा झगा घालून उभे केले आणि त्याच्याकडून निरपराध माणसाला शिक्षा करविली. झोलाला हे जाणवले होते की नाही, हा प्रश्न गौण आहे. कादंबरीची रचना ते सांगते. दनिझेही अखेर पछाडलेलाच आहे. त्याला पछाडणारी गोष्ट म्हणजे स्वतःच्या तर्काचे सौंदर्य. आदिम ऊर्मीइतकेच हे पछाडलेपणही माणसांचे बळी घेते, आणि त्याला कोणी पशुत्व म्हणत नाही.

७

हा धागा झोलापुरता मर्यादित नव्हता. १८८०च्या 'मेदानच्या संध्याकाळी' या कथासंग्रहातून त्याच्या सोबत पुढे आलेल्या गी द मोपासाँच्या दोन कथा याच दृष्टीने वाचता येतात. 'वेडा' (१८८५) या कथेत अत्यंत सन्मानित न्यायाधीशाच्या मृत्यूनंतर त्याची रोजनिशी सापडते. केवळ मारण्याच्या सुखासाठी त्याने आधी एक पक्षी, मग एक मुलगा, मग एक झोपलेला मासेमार मारलेला असतो. मासेमाराच्या खुनासाठी त्याच्याच एका नातेवाइकाचा शिरच्छेद होतो, आणि न्यायाधीश तो पाहण्याचा आनंद घेतो. त्याच सुमारास प्रसिद्ध झालेल्या 'ला पतीत रोक' या कथेत बालिकेवर बलात्कार करून तिचा खून करणारा माणूस गावाचा प्रमुख आहे आणि तपासात पुढाकारही त्याचाच आहे. पुढे त्या मुलीच्या रोज रात्री दिसणाऱ्या आकृतीने पछाडला जाऊन तो बुरुजावरून उडी घेतो. झोलाकडे तपास करणारा आंधळा आहे. मोपासाँकडे तो स्वतःच गुन्हेगार आहे. अनुवंशाची चर्चा मोपासाँने या दोन कथांत जवळजवळ टाळली आहे. 'प्येर आणि झाँ'च्या (१८८८) प्रस्तावनेत तर त्याने चांगल्या वास्तववाद्यांना आभासकार म्हणावे असे सुचवून निरीक्षकाच्या वस्तुनिष्ठतेचा दावाच सोडून दिला.

याचा अर्थ निसर्गवादावरील आक्षेप निराधार आहेत असा नव्हे. तेरेझच्या वासनेचे मूळ तिच्या आफ्रिकी आईच्या रक्तात दाखवणे, स्त्रीदेहाला विनाशाचे निमित्त करणे, दारिद्र्य आणि विकृती यांची सांगड घालणे हे त्या काळाचे पूर्वग्रह झोलाने शास्त्र म्हणून स्वीकारले आणि पसरवले. ग्यॉर्ग लुकाचने १९३६च्या 'निवेदन की वर्णन?' या निबंधात आक्षेप घेतला की झोला जीवनात सहभागी होऊन सांगत नाही, प्रेक्षक होऊन वर्णन करतो. त्याच्या वर्णनपद्धतीबाबत तो बराचसा खरा आहे. पण प्रेक्षकपणाची किंमत काय असते, हाच 'ला बेत युमेन'चा विषय आहे, ही गोष्ट त्या आक्षेपातून निसटते. लुकाचने जो दोष दाखवला त्याचे निदान कादंबरीने आधीच स्वतःपुरते केलेले होते.

८

पुढील दोन घटना वाङ्मयबाह्य असल्या तरी या विवेचनाशी जोडलेल्या आहेत. १८९६मध्ये डॉ. एद्वार तूलूझ यांनी प्रतिभा आणि मज्जाविकृती यांच्या संबंधावरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचा विषय खुद्द झोला होता. त्याने स्वतःच्या देहाची आणि मनाची कसून तपासणी करू दिली. रस्त्यावरचे दिवे, दारांचे आकडे, घोडागाड्या मोजत राहण्याची त्याची अनिवार सवय त्यात नोंदली गेली. निरीक्षकही पछाडलेला असतो, हे आता छापील नोंदीने सिद्ध झाले.

दुसरी घटना सर्वज्ञात आहे. १८९४मध्ये कॅप्टन आल्फ्रेद द्रेफ्यूस याला देशद्रोही ठरवताना आल्फाँस बर्तियोंने हस्ताक्षरातील फरकांचा असा अर्थ लावला की आरोपीने स्वतःच्या अक्षराची मुद्दाम नक्कल करून ते वेगळे भासवले. साम्य हा पुरावा आणि भेद हाही पुरावा. दनिझेने रूबोच्या कबुलीचे जे केले तेच हे होते. एक ज्यू अधिकारी देशद्रोहीच असणार, ही ओळख आधी पटलेली होती. तर्क मागाहून आला. १३ जानेवारी १८९८ रोजी झोलाने 'मी आरोप करतो' हे पत्र प्रसिद्ध केले, त्यात हस्ताक्षरतज्ज्ञांवरही आरोप होता. त्याला शिक्षा झाली आणि जुलैमध्ये इंग्लंडला निघून जावे लागले. द्रेफ्यूसला १९०६मध्ये पूर्ण निर्दोष ठरवले गेले. तोवर झोलाच्या मृत्यूला चार वर्षे झाली होती. कादंबरीने भविष्य वर्तवले असे येथे म्हणायचे नाही. तर्कशुद्ध दिसणारी नजर निरपराधाला कशी पशू ठरवते, हे झोला आठ वर्षांपूर्वी एका पाथरवटाच्या निमित्ताने शिकला होता, एवढेच म्हणायचे आहे.

'ला बेत युमेन'च्या शेवटी जाक आणि त्याचा फायरमन पेक्यो मारामारी करत इंजिनखाली सापडतात आणि १८७०च्या युद्धावर निघालेल्या, दारू पिऊन गाणाऱ्या सैनिकांनी भरलेली गाडी चालकाविना काळोखात धावत राहते. एका कुटुंबाच्या रक्तातील दोष म्हणून जे मांडले होते ते येथे साऱ्या राष्ट्राचे झाले आहे, आणि त्या गाडीला अनुवंशाचे कोणतेही कोष्टक लागू पडत नाही. निसर्गवादाचे समीकरण शिकवताना आणि त्याचे खंडन करताना आपण प्रस्तावनांपाशी थांबतो. त्या ओलांडून कादंबऱ्यांपर्यंत गेलो, तर हा संप्रदाय माणसाच्या काळोख्या प्रेरणांविषयी एक अधिक अवघड गोष्ट सांगतो : त्यांच्याविषयी खात्रीने बोलणाऱ्याचाही तपास करावा लागतो.